‘आदमी’ आणि माणूस : श्रीमती हंसाबेन मेहता यांच्या कार्याचा परिचय



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे संस्थेने सुचविले, तेव्हा नेहमीप्रमाणे एखादा राजा, एखादी लढाई किंवा एखादा तह घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या जून महिन्यातील एक प्रसंग मनातून जाईना, आणि त्या प्रसंगाने मला एका निराळ्याच विषयाकडे नेले.

शाळा नुकतीच सुरू झाली होती. एक पालक आपल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी आले. मुलगी आठवी उत्तीर्ण झालेली, वर्गात पहिल्या पाचांत येणारी. तिचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत सहावीत होता. त्याचे नाव मात्र पटावर राहणार होते. मी कारण विचारले. गृहस्थ सज्जन आणि कष्टाळू. ते हसून म्हणाले, “सर, मुलाला शिकवून आदमी बनवायचं आहे. मुलीची आठवी झाली, खूप झालं.” त्या दिवशी कार्यालयात गर्दी होती. मी आणखी दोन वाक्ये बोललो, ती त्यांना पटली नाहीत. दाखला तयार झाला. त्यावर वर्गशिक्षक म्हणून माझी सही आहे.

‘शिकवून आदमी बनवायचं’ हे वाक्य आपल्या घरांत आपण किती सहज वापरतो! आदमी म्हणजे हजरत आदमची संतती. शब्दकोशात पाहिले तर या शब्दात स्त्री आणि पुरुष दोन्ही येतात. पण दारावर कोणी हाक मारून “घरात कोणी आदमी आहे का?” असे विचारले, तर घरात चार बायका असूनही आतून “नाही” असेच उत्तर येते. कोशातला अर्थ एक आणि उंबरठ्यावरचा अर्थ दुसरा. या दोन अर्थांमध्ये जी फट आहे, तिच्यातून आपल्या कितीतरी हुशार मुली शाळेबाहेर निसटल्या आहेत.

हीच फट एकदा साऱ्या जगाच्या सभेत एका भारतीय स्त्रीने बोट ठेवून दाखवून दिली होती. तिचे नाव श्रीमती हंसाबेन मेहता. मुंबईच्या राजकारणात घडलेली ही स्त्री पुढे संयुक्त राष्ट्रसंघात भारताची प्रतिनिधी झाली. तिची ओळख आज आपल्याला करून द्यावयाची आहे.

बडोद्याचे वातावरण

हंसाबेन यांचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी सुरत येथे झाला. घराणे विद्याव्यासंगी. आजोबा नंदशंकर मेहता हे गुजराती भाषेतील पहिल्या कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले जातात. वडील मनुभाई मेहता तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुढे ते बडोदा संस्थानचे दिवाण झाले.

त्या काळचे बडोदे म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाडांचे बडोदे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात जन्मलेला गोपाळ हा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू केला. ही सक्ती मुलींनाही होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात अशा कायद्याची नुसती मागणी होत असताना एका मराठी राजाने तो अमलात आणून दाखविला.

अशा वातावरणात वाढलेली ही मुलगी बडोदा कॉलेजमध्ये शिकली आणि १९१८ मध्ये तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाली. पुढील वर्षी ती पत्रकारिता व समाजशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेली. तेथे सरोजिनी नायडू यांचा सहवास लाभला. सरोजिनीबाईंबरोबर १९२० मध्ये ती जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय महिला परिषदेस गेली. वाचकांनी हे गाव ध्यानात ठेवावे, कारण सत्तावीस वर्षांनी आपल्याला पुन्हा तेथेच जावयाचे आहे.

१९२४ मध्ये हंसाबेन यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. हेच डॉक्टर पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे पहिले अधिष्ठाता आणि १९६० मध्ये गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. परंतु वर निराळ्या जातीचा, म्हणून हंसाबेन यांच्या ज्ञातीने या विवाहाला कडाडून विरोध केला व त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तेव्हा स्वतः सयाजीराव महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाची झळ फक्त आपल्याच समाजाला बसते, असे समजण्याचे कारण नाही. ती त्या दिवाणाच्या मुलीलाही बसली होती.

तुरुंगातून विधिमंडळात

विवाहानंतर मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. १९२६ मध्ये त्या मुंबईच्या शाळा समितीवर निवडून आल्या. सार्वजनिक जीवनाची सुरुवात शाळा समितीपासून झाली, याचे माझ्यासारख्या शिक्षकाला विशेष वाटते. १९३० चा कायदेभंग सुरू झाला, तेव्हा देशसेविका संघाच्या स्त्रियांचे नेतृत्व करीत त्यांनी परदेशी कापडाच्या व दारूच्या दुकानांवर निरोधन केले. त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. १९३२ मध्ये आणि पुढे वैयक्तिक सत्याग्रहाच्या काळातही त्यांनी तुरुंगवास भोगला.

१९३७ च्या निवडणुकीत स्त्रियांसाठी काही जागा राखीव होत्या. हंसाबेन यांनी राखीव जागा घेण्याचे नाकारले, सर्वसाधारण जागेवरून निवडणूक लढविली आणि जिंकून त्या मुंबईच्या विधान परिषदेत गेल्या. तेथे शिक्षण व आरोग्य या खात्यांच्या संसदीय सचिव म्हणून त्यांनी १९३९ पर्यंत काम पाहिले. १९४५-४६ मध्ये त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. हैदराबादच्या अधिवेशनात त्यांनी स्त्रियांच्या हक्कांची सनद तयार करण्याचा विचार मांडला. मतदान, शिक्षण, मजुरी, मालमत्ता आणि विवाह या सर्व बाबतींत स्त्रीला समान मानावे, असा त्या विचाराचा आशय होता.

पुढे भारताची घटना तयार करण्यासाठी संविधान सभा भरली, तेव्हा हंसाबेन तिच्या सभासद झाल्या व मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर त्यांची निवड झाली. १९ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितले की, आमच्या महिला संघटनांनी राखीव जागा, ठरावीक वाटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधी मागितले नाहीत. आम्ही मागतो तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज संविधान सभेला अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला.

याच सभेत बेगम कुदसिया ऐजाज रसूल या एकमेव मुस्लिम महिला सभासद होत्या. त्यांनीही स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थिनींना माहीत असली पाहिजे.

जिनिव्हातील एक शब्द

आता मुख्य कथेकडे वळू. दुसरे महायुद्ध संपले होते. लक्षावधी निरपराध माणसे मारली गेली होती. राष्ट्रांनी आपल्याच प्रजेवर केलेले अत्याचार पाहून जग हादरले होते. म्हणून नव्याने स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्क आयोग नेमला. अठरा राष्ट्रांचे अठरा प्रतिनिधी. आयोगाची पहिली बैठक जानेवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळील लेक सक्सेस येथे झाली. तेव्हा भारत स्वतंत्रही झाला नव्हता. त्या अठरा जणांत स्त्रिया फक्त दोन : अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट आणि सभासद म्हणून आपल्या हंसाबेन.

डिसेंबर १९४७ मध्ये आयोग जिनिव्हा येथे भरला. समोर जाहीरनाम्याचा मसुदा होता आणि त्याच्या पहिल्या कलमाची सुरुवात ‘ऑल मेन’ या शब्दांनी होत होती. सर्व ‘मेन’ जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असा तो मजकूर. हंसाबेन यांनी हरकत घेतली. ‘मेन’ म्हणजे फक्त पुरुष असा अर्थ उद्या कोणी लावला तर स्त्रियांनी काय करावयाचे?

श्रीमती रूझवेल्ट स्त्रीहक्कांच्या विरोधक मुळीच नव्हत्या. परंतु त्यांना या बदलाची निकड वाटली नाही. इंग्रजीत ‘मेन’ म्हटले की स्त्रियाही त्यात आल्याच, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या भाषेत सांगायचे तर, आदमी म्हणजे इन्सानच की! अहो, कोशात तसेच लिहिलेले आहे!

परंतु इतिहास कोशाप्रमाणे चालत नाही. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात ‘ऑल मेन’ समान असल्याचे म्हटले होते. तेथील स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले. फ्रान्सने १७८९ मध्ये मानवाच्या हक्कांची घोषणा केली. तेथील स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ मध्ये. फार लांब कशाला, ज्या जिनिव्हात ही चर्चा चालली होती, त्या जिनिव्हाच्या स्त्रियांना त्या दिवशी मताचा हक्क नव्हता. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मत मिळाले ते १९७१ मध्ये. स्त्रिया ‘त्यात आल्याच’ असे दीडशे वर्षे सांगितले गेले, आणि प्रत्यक्षात त्या बाहेरच उभ्या राहिल्या.

हंसाबेन स्वतः भाषांतरकार होत्या. शेक्सपिअरची काही नाटके आणि गलिव्हरच्या सफरी त्यांनी गुजरातीत आणल्या. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत उतरविताना त्याचे वजन कसे बदलते, हे त्यांना चांगले ठाऊक असावे. हा जाहीरनामा तर जगातील शेकडो भाषांत जाणार होता. ‘मेन’चे भाषांतर कोणी ‘माणसे’ करील, कोणी ‘पुरुष’ करील. मग ज्या देशात ‘पुरुष’ असे भाषांतर होईल, तेथल्या स्त्रीने दाद कोणाकडे मागावी?

ही लढाई त्या एकट्याच लढल्या असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इतरांनीही या शब्दावर आक्षेप घेतले होते. डेन्मार्कच्या श्रीमती बोडिल बेगट्रप ज्याच्या अध्यक्षा होत्या, त्या महिलांच्या दर्जाविषयीच्या आयोगानेही हा शब्द बदलण्याचा आग्रह धरला. परंतु मानवी हक्क आयोगात बसून हा मुद्दा लावून धरण्याचे श्रेय संयुक्त राष्ट्रसंघ आज प्रामुख्याने हंसाबेन यांना देतो. अखेर ‘ऑल मेन’ जाऊन ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे सर्व माणसे, हे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने तीस कलमांचा तो जाहीरनामा मंजूर केला. बाजूने अठ्ठेचाळीस मते पडली, विरोधात एकही नाही, आणि आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

त्याच पहिल्या कलमाच्या शेवटी ‘बंधुभाव’ हा शब्द मात्र तसाच राहिला. भगिनींना तेथे अजून जागा मिळालेली नाही!

जिनिव्हाच्या त्या अधिवेशनात हंसाबेन यांच्याकडे आणखी एक काम होते. हे हक्क अमलात कसे आणावयाचे, याचा विचार करणाऱ्या गटाच्या त्या अध्यक्षा होत्या. चांगले शब्द लिहून ठेवणे आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जाणून होत्या. १९५० मध्ये त्या मानवी हक्क आयोगाच्या उपाध्यक्षा झाल्या.

आपल्या दोन भगिनी

या कथेत आपल्या समाजातील दोन स्त्रियांचे स्थान मोठे आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिल्या बेगम शरीफा हमीद अली. त्याही बडोद्याच्याच. बडोद्याचे न्यायाधीश अब्बास तय्यबजी यांच्या त्या कन्या. हे तेच अब्बास तय्यबजी, ज्यांनी १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या मीठ सत्याग्रहाचे नेतृत्व स्वीकारले. आणि मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम ज्यांनी उभी केली त्या बद्रुद्दीन तय्यबजींचे ते पुतणे. बेगमसाहेबा १९४० मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा महिलांच्या दर्जाविषयीचा आयोग प्रथम भरला, तेव्हा त्याच्या पंधरा सभासदांत भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्या बसल्या होत्या. पुढे ‘मेन’ हा शब्द बदलण्याची मागणी करणारा आयोग तो हाच.

दुसऱ्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला. जन्म कलकत्त्याचा; फाळणीनंतर त्या पाकिस्तानच्या प्रतिनिधी झाल्या. जाहीरनाम्यावर आमसभेच्या समितीत चर्चा झाली, तेव्हा विवाहातील समान हक्कांविषयीच्या सोळाव्या कलमाचा त्यांनी जोरदार पुरस्कार केला. बालविवाह आणि जबरदस्तीचे विवाह थांबविण्याचे ते साधन होईल, अशी त्यांची धारणा होती. निकाहात मुलीची मर्जी विचारावी लागते, हे आपणांस कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाही. प्रश्न असतो तो ती मर्जी खरोखर विचारली जाते की नाही, याचा.

मतभेदाचा मुद्दा

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे नमूद करतो. संविधान सभेत हंसाबेन समान नागरी कायद्याच्या बाजूने होत्या. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि श्री. मिनू मसानी यांच्यासह त्यांनी तसे मत नोंदविले होते. आपल्यापैकी पुष्कळांना ते मत मान्य होणार नाही. हिंदू कायद्यात सुधारणा व्हावी, म्हणूनही त्या तितक्याच आग्रहाने बोलल्या आणि तेथे त्यांच्याच समाजातील अनेकांना त्या नकोशा झाल्या. विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या व्यक्तीच्या सर्व मतांशी सहमत असल्याशिवाय तिच्यापासून शिकताच येत नाही, असा समज करून घेऊ नका. तसे असते तर इतिहासाचे पुस्तक उघडण्यात काहीच अर्थ उरला नसता.

पुन्हा शाळेकडे

जगाच्या सभेत नाव मिळविल्यावर ही स्त्री कोठे गेली? ती परत शिक्षणाकडे आली. १९४६ ते १९४८ या काळात त्या मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. १९४९ मध्ये बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्या त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. मुले आणि मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला. १९५८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. बडोदा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. ४ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

परंतु माझ्या दृष्टीने त्यांचे एक काम फारसे कोणाला ठाऊक नाही आणि ते आपल्या सर्वांच्या घरांशी निगडित आहे. मुलांना आणि मुलींना निराळा अभ्यासक्रम असावा काय, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९६१ मध्ये एक समिती नेमण्यात आली आणि हंसाबेन तिच्या अध्यक्षा झाल्या. मुलींना गणित आणि शास्त्र कशाला? त्यांना शिवण, स्वयंपाक आणि संगीत पुरे, असे मत तेव्हा सर्व समाजांत होते. समितीने सांगितले की, मुलगा की मुलगी, एवढ्याच कारणावरून अभ्यासक्रमात भेद करू नये. पुढे कोठारी आयोगानेही हे मत स्वीकारले. आज आपली मुलगी दहावीला भूमितीचे प्रमेय सोडविते आणि प्रयोगशाळेत परीक्षानळी हाती धरते, त्यामागे असा इतिहास आहे.

जिनिव्हातील शब्द आणि शाळेतील हा निर्णय, दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे. मुलगी ‘त्यात आलीच’ असे गृहीत धरून चालत नाही. तिचा उल्लेख करावा लागतो, तिचे नाव लिहावे लागते, आणि लिहिलेले नाव पटावर टिकवावे लागते.

शेवटची विनंती

पालकहो, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. म्हणजे बहुधा आठवीपर्यंत कायदा आपल्या मुलीचा हात धरून चालतो. आठवीच्या निकालाच्या दिवशी तो हात सुटतो. त्यानंतर तिचा हात धरणारे आपणच. हंसाबेनचे वडील दिवाण होते आणि आपण दिवाण नाही, हे खरे. शाळा दूर आहे, बसचे भाडे परवडत नाही, रस्त्याची काळजी वाटते, घरात आजारी माणूस आहे, या अडचणीही खऱ्या आहेत. मी त्या हसण्यावारी नेत नाही. पण अडचण असेल तर ती शाळेत येऊन सांगावी. अडचणीवर चार जण बसून मार्ग काढता येतो. ‘मुलीला काय करायचं आहे’ या वाक्यावर मात्र कोणतीही शिष्यवृत्ती चालत नाही.

ज्या गृहस्थांचा उल्लेख मी आरंभी केला, त्यांचा मुलगा आता सातवीत गेला आहे, म्हणजे ही स्मरणिका त्यांच्याही घरी जाईल. त्या दिवशी कार्यालयाच्या गर्दीत जे सांगणे मला जमले नाही, ते आज लिहिले आहे. त्यांची मुलगी घरी बसून एक वर्ष झाले. एक वर्ष फार नाही. नववीच्या वर्गात बाकावर जागा आहे, आणि दाखल्यावर जशी माझी सही आहे, तशी प्रवेश अर्जावर करण्यास मी आनंदाने तयार आहे. साहेब, मुलाला शिकवून जरूर आदमी बनवा. मुलगी तर जन्मतःच माणूस आहे. तिला फक्त शिकू द्या.